डीबीटीच्या वर्गाला आईबापांनीही बसायचं म्हणे. कुणी केलंय का?

रंकाळ्याकडची आई
मुलगी दहावीला. राग आला की खोलीत कोंडून घेते, दोनदा स्वतःला इजा करून घेतली. डॉक्टरांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायला शिकवणारे मानसोपचार) सांगितलं, वर्गाला आम्हीही यायचं म्हणाले. हे म्हणतात, "त्रास तिला, शिकवणी आम्हाला कशाला?" सासूबाई अंबाबाईची ओटी बोलल्यात. मला काहीच सुचेना झालंय.

शटरवाला
ताई, तुमच्या ह्यांचं वाक्य मी शब्दाला शब्द बोललोय! पोरगं तेव्हा अकरावीला. आम्ही ऑनलाइन केलं. दर बुधवारी सातला दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, गल्ल्यावर मोबाईल टेकवायचा आणि बसायचं. गिऱ्हाईक वाकून आत बघायचं, ते वेगळंच.

आमच्या कोल्हापुरात पोरगं फुटबॉलमध्ये कुठल्या पोझिशनला खेळतंय, हे दहावीच्या मार्कांच्या आधी विचारतात. त्याला तालमीच्या टीममधनं वगळलं. मी म्हटलं, "एवढ्याशानं काय होतंय, पुढच्या वर्षी घेतील." मी धीर देत होतो. त्यानं दार असं आपटलं की कॅलेंडर खाली आलं. वर्ग घेणाऱ्या बाईंनी तेच वाक्य माझ्याकडनं पुन्हा म्हणवून घेतलं आणि मग बदलायला लावलं. पुढं तसाच प्रसंग आला तेव्हा म्हटलं, "तीन महिने पहाटे उठून ग्राउंडवर गेलास आणि यादीत नाव नाही. जिवाला लागणारच." काही बोललं नाही. स्वयंपाकघरात गेलं, उभ्याउभ्या गार भाकरी खाल्ली. दार उघडंच होतं.

याला ते व्हॅलिडेशन म्हणतात, म्हणजे त्याच्या जिवाला लागलंय हे मान्य करणं. हट्ट पुरवणं नव्हे हां. नवा मोबाईल मी तरीबी दिला नाही.

वर्गात आणखी एक शिकवलं. राग डोक्यात गेला की परातीत बर्फाचं पाणी घेऊन श्वास रोखून तोंड बुडवायचं, अर्धा मिनिट. ठोके उतरतात. कणकेची परात म्हणून आमची ही चिडायची. आता मीच वापरतो, जीएसटीच्या दिवसांत.

समुपदेशन शिकणारी
दादा, हृदयाचा त्रास किंवा खाण्यापिण्याचा आजार असेल तर परात डॉक्टरांना विचारूनच.

डीबीटी ही पद्धत अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची, पुस्तक 1993 चं. मिलर आणि राथस यांनी ती किशोरवयीन मुलांसाठी बदलून घेतली, घरच्यांना वर्गात बसवलं आणि 'मधला मार्ग' हा भाग जोडला. "तू जमेल तेवढं करतेयस" आणि "अजून बदलायला हवं", दोन्ही एकदम खरं. 2018 मध्ये अमेरिकेत 173 मुलामुलींवरचा अभ्यास आला. सहा महिन्यांनी डीबीटीवाल्यांत इजा करून घेणं दुसरी, आधार देणारी थेरपी घेतलेल्या गटापेक्षा कमी होतं. वर्षाअखेर मात्र फरक बराच मिटला, कारण दुसरा गटही सुधारला. म्हणजे जादू नाही.

ताई, थेरपिस्टला सरळ विचारा: एकटीचं सेशन, कौशल्यांचा वर्ग, अडचणीच्या वेळी फोन आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक, हे चारही आहे का? नुसते कागद भरून घेणं म्हणजे डीबीटी नाही. आणि इजा होईल अशा वस्तू आजच कुलपात ठेवा. रात्री-अपरात्री 14416, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मराठीत बोलतात, फुकट आहे.

शटरवाला
ओटीपण भरा की ओ. सासूबाईंशी कशाला वाकडं?

रंकाळ्याकडची आई
ह्यांना सगळं वाचायला दिलं. परातीपाशी हसले. मग म्हणाले, "बुधवारी जमायचं नाही, शुक्रवार विचार."