कुंडीतला टोमॅटो : व्हर्मीवॉश फवारावं की १९:१९:१९?

गच्चीवाली (जळगाव) : आठ कुंड्या, रोपं एकाच वाफ्यातली. चारींवर दर आठ दिवसांनी व्हर्मीवॉश (गांडूळखतातून झिरपलेलं पाणी), एकाला दहा पाणी. चारींवर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत (नत्र, स्फुरद, पालाश, प्रत्येकी १९ टक्के), लिटरला ५ ग्रॅम. रासायनिकवाली चार नुसती माजली, हिरवीगार, पण फुलगळ. व्हर्मीवॉशवाली बुटकी, तरी फळ धरलंय. माझं मत ठरलं, कुंडीत रासायनिक नको.

केळीवाला (रावेर) : ताई, दोष खताचा नाही, वेळेचा. १९:१९:१९ वाढीच्या दिवसांचं. फुलं दिसली की नत्र कमी करायचं, ००:५२:३४ घ्यायचं, फळ फुगताना १३:००:४५. केळीला ड्रिपमधून आम्ही असंच ग्रेड बदलत जातो. आणि कुंडीला ५ ग्रॅम जास्तच, २-३ पुरे. पिशवीवर टक्के छापलेले असतात. तुमच्या व्हर्मीवॉशात काय किती आहे, कोण सांगणार? दोन बादल्यांचं कधी सारखं निघालंय का?

जुना माळी (अमळनेर) : टक्के पानाला वाचता येत नाहीत, भो! पान घेतं थोडंच, बाकीचं ओघळून मातीत. शेतात ते पावसाने खाली जातं, कुंडीत जागच्या जागी साचतं. त्यात आपलं बोअरचं जड पाणी. कुंडीच्या कडेचा पांढरा थर बघा. व्हर्मीवॉश मात्र फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर पंपाचा नोझल चोंदतो.

केळीवाला : क्षार साचतात, मान्य. महिन्यातून एकदा भरपूर पाणी देऊन खालून निथळू द्या, झालं. आणि उन्हात फवारू नका, पानं करपतील, मग ते सेंद्रिय असो नाहीतर रासायनिक.

गच्चीवाली : दोन फळांची बुडं काळी पडलीत, व्हर्मीवॉशवालीच. कॅल्शियम नायट्रेट मारू?

जुना माळी : माझ्याच बाजूची कुंडी, तरी खरं सांगतो, फवाऱ्याने फारसं होणार नाही. कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबर वर चढतं. पानावर पडलेलं तिथून फळात जात नाही. तुम्ही एक दिवस पाणी विसरता, दुसऱ्या दिवशी कुंडी भरून टाकता, त्याचं हे फळ. थोडं थोडं, पण रोज द्या.

केळीवाला : एकदा तरी पटलं आपलं! मारलंच तर ००:५२:३४ मध्ये मिसळू नका, पंपात फाटलेल्या दुधासारखं होतं.

गच्चीवाली : बरं, दोन कुंड्यांवर १३:००:४५ करून बघते. पण दुकानात एक किलोच्या खाली पाकीट नाही. लिटरला ३ ग्रॅमने ते माझ्या नातवापर्यंत पुरेल. रावेरहून कुणी वाटीभर आणून देईल का?