एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन? पोरांना मराठी आकडे कसे शिकवताय?

आंबटगोड (ठाणे):
मंडळी मदत हवीये. गणपतीत सोसायटीत हाउजी असते, यंदा आकडे पुकारायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी जाहीर करून टाकलंय की सगळे आकडे मराठीतच पुकारणार. तर काल घरी रंगीत तालीम घेतली. पोरं सगळी इंग्लिश मीडियमची, हुशार आहेत, स्क्वेअर रूट तोंडी काढतात, पण मी "एकोणसाठ" म्हटलं की सगळ्यांच्या माना एकदम आजीकडे वळतात. आजी म्हणते पन्नास आणि नऊ, मग पेन्सिली चालतात. वीसपर्यंत ठीक, तीसपर्यंत कसंबसं, पुढे त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर सुरू झालं की सगळा आनंदीआनंद. भाचा म्हणाला मावशी यांना काही लॉजिकच नाहीये, आणि मला ते फार लागलं कारण लॉजिक आहे, फक्त मला ते नीट सांगता येईना. तुम्ही तुमच्या पोरांना कसं शिकवलंत? आणि तो मधे शाळेत आलेला "वीस एक, वीस दोन" प्रकार खरंच उपयोगी आहे का? खरं खरं सांगा, उगाच भांडू नका 😄

वऱ्हाडी ठेचा:
काऊन टेन्शन घेऊन राह्यली बे ताई. आमच्याकडे पोट्टे जन्मापासून दोनचा पाढा म्हणतात. का बे, हो बे, चल बे, जा बे. बे एके बे तर घरीच झालं 😂
पण मले एक सांगा, एकोणीस एकोणतीस एकोणचाळीस असं मस्त चालून राह्यलं, एकोणनव्वदपर्यंत गाडी रुळावर, आणि मग नव्व्याण्णव कुठून आलं? एकोणशंभर काऊन नाही? माह्या पोरीनं विचारलं तवा मी म्हटलं जा आईले विचार.

झेडपीवाले गुरुजी:
ठेचा, पोरीचा प्रश्न एक नंबर आहे, तिला माझ्याकडून शाबासकी द्या.
भारतीय भाषांत नऊवाल्या आकड्यांना दोन वाटा आहेत. एक म्हणजे पुढच्या दशकातून एक उणा, एक अधिक ऊन म्हणजे एकोण. दुसरी म्हणजे सरळ नऊ आणि नव्वद, संस्कृतात नवनवति, त्याचंच आपलं नव्व्याण्णव. मराठीने शेवटी एकदाच वाट बदलली. हिंदीने एक घर आधीच बदलली, त्यांचं ७९ उन्यासी आहे पण ८९ नवासी. म्हणजे गडबड फक्त आपल्याकडे नाही.
आता आंबटगोड, तुमचा मुद्दा. मी बरीच वर्षं दुसरीचा वर्ग घेतलाय म्हणून ठामपणे सांगतो. श्रुतलेखनात "बहात्तर" म्हटलं की पोराच्या कानावर आधी "ब" पडतो, हात लगेच २ लिहून मोकळा होतो, मग मागून सात येतो तो त्याच्या शेजारी, आणि वहीत उतरतात २७. पोराला संख्या कळलेली असते, ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा आहे एवढंच. त्यात त्र्याण्णव, ब्याण्णव अशी जोडाक्षरं, जी त्या वयात वाचताही येत नाहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन आलं ते यासाठीच. मंगला नारळीकर बाई त्या गणिताच्या समितीवर होत्या आणि त्यांनी हे कारण शांतपणे पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. पण तेव्हा गदारोळ असा झाला की कुणी पुस्तक उघडूनच बघेना. अजित पवारांनी तर विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या वीसचं दोन शून्य करून दाखवलं, फडण दोन शून्य, सगळं सभागृह हसलं. पुस्तकात जुने शब्द काढलेले नव्हते हो, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी होत्या!
माझं मत स्पष्ट आहे. लिहायला शिकताना वीस एक, बोलायला शिकताना एकवीस. चालायला लागलं की पांगुळगाडा सुटतोच.

म्युनिकची मिसळ:
गुरुजी 🙏 हे वाचून इतकं बरं वाटलं कारण इथे जर्मनीत सेम टू सेम रडगाणं आहे. इथे पण एकवीसला "एक आणि वीस" असंच म्हणतात आणि फोन नंबर जोडी जोडीने सांगायची सवय, म्हणजे समोरचा बोलत असतो आणि आपण आधी एकक ऐकून जागा सोडून बसायचं, मग दशक आलं की मागे जाऊन भरायचं. ऑफिसातले बाकीचे परदेशी लोक वैतागतात आणि मी आपली आरामात लिहिते कारण त्र्याहत्तर ऐकून सात-तीन लिहायची सवय लहानपणापासून आहे. ते बघून विचारतात तुला कसं जमतं गं, मी म्हणते आमच्या शाळेत याहून अवघड होतं, अभिमानाने सांगते.
इथे बोखुममधे एका गणिताच्या प्रोफेसरांच्या पुढाकाराने २००४ साली संस्थाच निघाली, मागणी एकच, "वीस एक" म्हणा! आणि नॉर्वेने तर १९५१ मधे सरळ संसदेत ठराव करून क्रम उलटा केला, टेलिफोन खात्याला नंबर ऐकण्यात घोळ नको होते म्हणून. तरी जुनी मंडळी किती तरी वर्षं जुन्याच पद्धतीने बोलत राहिली.
आणि डॅनिश लोक तर आपले सख्खे भाऊ निघाले. त्यांचा पन्नासचा शब्द मुळात "अडीच वेळा वीस" असा आहे, आणि त्यातलं अडीच "तिसरा अर्धा" असं बनलंय. गुरुजी आपलं पण तसंच ना?

झेडपीवाले गुरुजी:
अगदी तसंच! अर्धतृतीय, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, त्याचं झिजून अडीच. आणि साडेतीनला जुना शब्द "औट", तोही अर्धचतुर्थवरून आलाय. औट घटकेचं राज्य म्हणतो ना आपण, ते साडेतीन घटकांचं राज्य. घटका २४ मिनिटांची, म्हणजे ८४ मिनिटं. दीड तास पण नाही बिचाऱ्याला! पूर्वी पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ म्हणायची.

वऱ्हाडी ठेचा:
८४ मिनिटं 😂😂 म्हणजे माह्या हाती टीव्हीचा रिमोट तेवढाच राह्यते. मॅच लागली का राज्य खालसा.
गुरुजी पोरीले नव्व्याण्णवचं सांगितलं. ते म्हणते मग हिंदीवाले हुशार का आपण? आता याचं उत्तर तुम्हीच द्या, मी तिच्या आईकडे पुन्हा नाही पाठवत.

बेळगावी कुंदा:
मी जरा उशिरा आलो. आमच्या गल्लीत हा प्रश्न रोजचा हाय. कन्नडमधे दशक आधी, इप्पत्तोंदु म्हणजे वीस-एक, पार नव्व्याण्णवपर्यंत एकच चाल, तोंबत्तोंबत्तु, म्हणून बघा एकदा, तोंड गोड होतं. म्हणजे ज्या वीस एकवरून पुण्या-मुंबईत एवढा दंगा झाला ते आमच्या शेजारच्या पोराच्या तोंडात जन्मजात हाय. आमची पोरं दोन्ही बोलतात आणि काय गोंधळ होत न्हाई, दुकानात कन्नड गिऱ्हाइकाला कन्नड आकडा, मराठीला मराठी. पाठ करून नव्हे, गल्ल्यावर बसून शिकली.
पण आंबटगोड ताई, हाउजीत नव्वदपर्यंतच आकडे असतात, ते होतील पाठ. खरी मजा घड्याळात हाय. मुंबईची पुतणी आलेली सुट्टीला, तिला सांगितलं बस पाऊणला हाय. तिनं विचारलं पाऊण म्हणजे किती, म्हटलं एकाला पाव कमी. मग तिनं वहीत लिहिलं शून्य पूर्णांक पंच्याहत्तर, आणि विचारात पडली की एवढ्या रात्री बस कुठून सुटणार. गणित शंभर टक्के बरोबर हो पोरीचं! पाऊण वाजता म्हणजे दुपारचे पावणेएक हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. साडेएक, साडेदोन पण म्हणायची, आता दीड आणि अडीच न चुकता म्हणते. पाऊणशे, सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे हे तिला तिच्या आजीनं भाजी आणताना शिकवलं. सुट्टे पैसे तिच्याच हातात द्यायची, हिशेब चुकला की कोथिंबीर परत. दोन आठवडी बाजारात पोरगी तयार.

आंबटगोड (ठाणे):
कुंदा दादा, कोथिंबीर परत 😂 हे मी उद्यापासूनच सुरू करतेय.
गुरुजी, बहात्तरचं २७ तुम्ही लिहिलंत ते वाचून तालमीतली तिकिटं पुन्हा काढून बघितली. भाच्याने खरंच ६५ ला ५६ खोडलंय, पासष्ट म्हटल्यावर आधी पाच शोधला बघा त्याने! त्याला लॉजिक समजावलं तर लगेच म्हणाला मग मी बरोबर ऐकलं होतं, फक्त उलटं खोडलं. एकदम खूश.
तर हाउजीचं असं ठरवलंय, पहिला डाव "साठ पाच, पासष्ट" असा दोन्ही पुकारायचा, दुसऱ्या डावात फक्त पासष्ट, आणि आजीने मधे बोलायचं नाही. आजीने ही अट अजून मान्य केलेली नाही, तिला फुल हाउसच्या बक्षिसातला अर्धा वाटा हवाय.

म्युनिकची मिसळ:
आजीला पाऊण वाटा द्या!! आणि व्हिडिओ टाका, मला इथल्या मंडळातल्या पोरांना दाखवायचाय, त्यांची तर तीन भाषांत खिचडी आहे.