बायपासनंतर मेंदूच्या इजेसाठी रक्ततपासणी सक्तीची करावी का?

घोडबंदरकर
बाबांची बायपास ठाण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात झाली. हृदयासाठी ट्रोपोनिन, किडनीसाठी क्रिएटिनिन, सारखं रक्त काढत होते. व्हेंटिलेटर काढल्यावर बाबा आईला आत्या म्हणू लागले, सलाईनची नळी ओढू लागले. विचारलं तर उत्तर मिळालं, "आयसीयूत होतं असं, उतरेल." उतरलंही. पण ज्यांनी सोसायटीचे हिशेब वर्षानुवर्षं तोंडी सांभाळले, ते आता दुधाच्या बिलाशी अडतात.

मेंदूच्या पेशींना इजा झाली की एस१००बी, एनएसई, जीएफएपी ही प्रथिनं रक्तात वाढतात. डोक्याला मार लागलेल्यांचं सीटी स्कॅन करायचं का, हे ठरवायला जीएफएपी आणि यूसीएच-एल१ हे असंच आणखी एक प्रथिन मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये मंजुरी दिली. मग हृदयाच्या पेशंटला ती का नाही? प्रत्येक ओपन हार्टनंतर ही तपासणी सक्तीची हवी.

नेरूळची पर्फ्युजनिस्ट
दादा, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण सक्तीला माझा विरोध आहे, आणि तो हार्ट-लंग मशीनशेजारी उभं राहून झालेला आहे; शस्त्रक्रियेत हृदयाचं काम करणारं ते मशीन आम्ही पर्फ्युजनिस्ट चालवतो. एस१००बी चरबीत आणि अस्थिमज्जेतही असतं. छातीचं हाड करवतीने कापतात, तिथे साचलेलं रक्त सक्शनने ओढून आम्ही परत पेशंटला देतो. मेंदूला धक्काही लागलेला नसताना आकडा चढतो.

एनएसईचं तर आणखी कठीण. ते तांबड्या पेशींत भरलेलं असतं आणि पंपाच्या रोलरखाली काही पेशी फुटतातच. लांबलेल्या केसनंतर नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचा सीरम पिवळसर असायला हवा तो गुलाबी दिसतो. त्या सीरमवरचा एनएसई मी तरी मेंदूचा म्हणून कुणाला सांगणार नाही.

कळवा_नाका
मग जुन्या चाचण्या सोडा. जीएफएपी मुख्यतः मेंदूतल्या आधारपेशींचं, एनएफएल हे आणखी एक प्रथिन चेतातंतूंचं. एनएफएल हळूहळू चढतं, आठवड्यांनंतरही वाढलेलं सापडतं. शस्त्रक्रियेआधी एक नमुना, नंतर दोन. स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी तुलना केली की घोळ बराच कमी होतो.

खारघर सेक्टर १२
पॅकेजमध्ये नसलेली प्रत्येक सक्ती नातेवाइकांच्या बिलात येते, एवढं लक्षात असू द्या.

वाशीचा फिजिशियन
आकडा वाढलेला आला, पुढे काय करायचं? मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने काढायची तर साधारण सहा तास हातात असतात, निवडक रुग्णांत चोवीसपर्यंत. ताज्या शस्त्रक्रियेमुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुधा देताच येत नाही. बाहेरच्या लॅबमधून रिपोर्ट येईपर्यंत ही वेळ टळलेली असते. गुंगी उतरताच दोन्ही हात उचलायला लावणं, नाव विचारणं, चेहरा वाकडा होतोय का पाहणं, हे तिथल्या तिथे होतं. भ्रमासाठीही आयसीयूतली चाचणी आहे: नर्स एकेक अक्षर म्हणते, ठरलेलं अक्षर आलं की पेशंटने तिचा हात दाबायचा. हे प्रत्येक पाळीत व्हावं, त्याची सक्ती करा.

हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या, बेशुद्ध राहिलेल्या रुग्णांत एनएसई वापरतात. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ४८ किंवा ७२ तासांना ६० च्या वरचा आकडा वाईट लक्षण धरलाय, पण इतर तपासण्यांच्या जोडीने. एकट्या आकड्यावर तिथेही निर्णय होत नाही.

घोडबंदरकर
डॉक्टर, तुम्ही पक्षाघाताचं बोलताय. ठळक पक्षाघात बायपासमध्ये शंभरात एक-दोघांना होतो. बाबांसारख्यांचा हात लुळा पडत नाही, चेहरा वाकडा होत नाही, म्हणून ते कुठेच नोंदले जात नाहीत. उपचार नसला तरी कळायला हवं होतं. आम्ही महिनोन्‌महिने त्यांच्यावर चिडलो, मुद्दाम करतात असं समजून. सक्ती हा शब्द मी मागे घेत नाही.

नेरूळची पर्फ्युजनिस्ट
ते कळायला रक्तच कशाला हवं? शस्त्रक्रियेआधी आणि तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची कागदी चाचणी घ्या. मोका नावाची अशी चाचणी मराठीतही आहे. घड्याळ काढायचं, शब्द लक्षात ठेवायचे, शंभरातून सात-सात वजा करायचे. हिशेबातली अडचण त्यातच दिसली असती, आणि आधीचा कागद हाताशी असता तर वाद घालायला जागा उरली नसती.

वाशीचा फिजिशियन
घोडबंदरकर, बाबांची ही चाचणी आताही करून घ्या. सोबत बी१२, थायरॉईड पाहा, झोप कशी आहे आणि मन उदास असतं का ते विचारा. बायपासनंतर औदासीन्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यानेही हिशेब चुकतात. यातलं काही निघालं तर त्यावर औषध आहे.