मदत हवी आहे: हार्प लागर पाहुण्यांसाठी घ्यावी का? चव, किंमत आणि कॅनमधला तो विचित्र वास

सीमेवरचा

मंडळी, मुक्काम डंडॉक, आयर्लंड. येत्या शनिवारी घरी जेवायला बाराजण आहेत, त्यातले आठजण बियर घेणारे. निम्मे आपले, निम्मे इथले. गावात जन्मलेली बियर म्हणून हार्प ठेवायचा विचार आहे, पण मतं ऐकून डोकं चक्रावलंय. डब्लिनचे लोक नाव काढलं की नाक मुरडतात, सीमेपलीकडच्या, उत्तर आयर्लंडातल्या न्यूरीकडचे मात्र दुसरं काही मागतच नाहीत.

चाखायला म्हणून ५०० मिलीचे चार कॅन आणले. दोन ठीक निघाले. उरलेल्या दोनांना ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. शिवाय ओतताना अर्धा ग्लास फेस, आणि पाच मिनिटांत तो फेस गुडुप होऊन बियर सपक. ही चवच अशी आहे की माल खराब? पैशाच्या मानाने परवडते का? चखण्याला कांदाभजी आणि सुरमई फ्राय आहे, त्याच्याबरोबर जाईल का? जाणकारांनी सांगावं.

लिफीकाठी

पुठ्ठ्याचा वास हार्पचा नाही, तो भाग कोणीतरी नीट सांगेलच. मी चवीबद्दल लिहितो.

हार्प ही फिकट सोनेरी, हलक्या अंगाची लागर. पहिल्या घोटाला थोडा गवतासारखा कडवटपणा, मग धान्याची, किंचित मक्याकडे झुकणारी गोडी, आणि शेवट कोरडा, स्वच्छ. जिभेवर फार काही रेंगाळत नाही. हेच तिचं बलस्थान आणि हीच तक्रारही. जर्मन पिल्सनर, म्हणजे जास्त कडवट लागर, पिणाऱ्याला ती पोकळ वाटते. तीन तास गप्पा मारत बसणाऱ्याला बरोबर वाटते. आपल्याकडच्या स्ट्राँग बियरवर, म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत जाणाऱ्या प्रकारावर जीभ तयार झालेल्यांना पहिला ग्लास पाणचट लागणार, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

आता डब्लिन आणि न्यूरीतल्या मतभेदाबद्दल. गिनेसने १९६० साली लागरच्या वाढत्या मागणीला उत्तर म्हणून हार्प काढली, ती तुमच्याच गावातल्या ग्रेट नॉर्दर्न ब्रुअरीत. पुढे ती ब्रुअरी बंद झाली, उत्पादन गिनेसच्या डब्लिनमधल्या सेंट जेम्सेस गेट ब्रुअरीला गेलं, आणि २०१५ पासून डंडॉकच्या त्या जुन्या आवारात व्हिस्कीची डिस्टिलरी चालते. म्हणजे डंडॉकची म्हणून द्यायची असेल तर जन्मापुरतीच डंडॉकची, पाहुण्यांत कोणी खवचट असेल तर तो हे काढणारच.

खप मात्र उत्तर आयर्लंडात आणि सीमेलगतच्या भागात टिकून राहिला. डब्लिनच्या पबांत टॅपवर हाइनिकेन, कार्ल्सबर्ग, कूर्स, २०१८ नंतर रॉकशोर. हार्प शोधावी लागते. जिथे खप नाही तिथे केग (बियरचं पिंप) उघडून दिवसचे दिवस पडून राहतो, नळीत बियर मुरते, आणि तो पिंट खरोखरच वाईट लागतो. जिथे केग दोन-तीन दिवसांत संपतो तिथे तीच बियर टवटवीत. त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या ग्लासापुरत्या खऱ्या बोलताहेत. पबमध्ये प्यायची असेल तर आजूबाजूच्या टेबलांवर काय चाललंय ते बघून मागवावी.

फेसाळ

वासाचं सांगतो. ओला पुठ्ठा, जुनी वही, कधी शिळ्या पावासारखा वास, हे ऑक्सिडेशनचं लक्षण. कॅन भरताना आत राहिलेला नाममात्र ऑक्सिजन आणि माल्टमधले (मोड आणलेल्या धान्यातले) घटक मिळून हळूहळू हा वास तयार करतात. थंडीत ही क्रिया रेंगाळते, उष्णतेत धावते. साठवणीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की बियर दुप्पट-तिप्पट वेगाने म्हातारी होते. हलक्या लागरला हे झाकायला दुसरी चवच नसते, म्हणून तिथे लगेच कळतं. स्टाउटमध्ये, म्हणजे गिनेससारख्या काळ्या बियरमध्ये, एवढंच शिळेपण कदाचित लक्षातही येणार नाही.

चारपैकी दोनच कॅन तसे, म्हणजे दुकानदाराने जुना-नवा माल एकत्र लावला असणार. कॅनच्या बुडाशी तारीख असते, चारही रिकामे कॅन असतील तर उलटे करून ताडून बघा. लागर घेताना तारखेला निदान चार महिने शिल्लक असलेली घ्यावी. मुदत संपली नाही म्हणजे ताजी, असं समजू नका. मुदत ही दर्जा साधारण टिकण्याची असते, पण ती संपायच्या आधीच ताजेपणा उतरलेला असू शकतो. रेडिएटरजवळ किंवा खिडकीत रचलेली खोकी टाळा. आणि दुकानातल्या मधल्या रांगेतलं अख्खं बंद खोकं मागा, सुटे कॅन नकोत.

वासावरून दोष ओळखायला शिकलात की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं. स्कंकचा, म्हणजे जळक्या रबरासारखा वास आला तर उजेड लागलेला आहे. हॉप्समधल्या (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतल्या) घटकांवर प्रकाश पडून तो तयार होतो, हिरव्या आणि पारदर्शक बाटलीत पटकन, तपकिरीत उशिरा, कॅनमध्ये नाहीच. पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास म्हणजे डायॲसिटिल. टॅपच्या बियरला आला तर बहुतेक वेळा नळी धुतलेली नाही. उकडलेल्या मक्याचा वास अगदी थोडा असेल तर फिकट लागरमध्ये चालतो, भसकन आला तर नाही.

आता फेस. दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हीचं मूळ बहुधा ग्लासात आहे. ओतताना उसळणारा फेस हा बियर पुरेशी गार नसण्याचा, कॅन हलल्याचा किंवा कोरड्या ग्लासाचा. नंतर पटकन मरणारा फेस हा तेलकटपणाचा. आपल्या घरात ज्या स्पंजने तेलाची कढई घासतो त्यानेच ग्लास घासला की संपलं. डिशवॉशरमधलं चमक आणणारं द्रावणही फेस मारतं. नवा स्पंज घ्या, गरम पाण्यात खायचा सोडा चमचाभर टाकून ग्लास धुवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि पालथे न पुसता वाळू द्या. फडक्याने पुसलेत तर फडक्याचं तेल लागेल.

परीक्षा सोपी आहे: भरलेल्या ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले की ग्लास घाण. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एक कडी भिंतीवर राहते.

ओतायच्या आधी ग्लास थंड पाण्याखालून काढून झटका. पंचेचाळीस अंशांत तिरपा धरा, भिंतीवरून ओता, दोन तृतीयांश भरला की सरळ करा आणि मधोमध ओतून दोन बोटं फेस येऊ द्या. फ्रीझरमध्ये बर्फाळलेले ग्लास नकोत, त्या हिमकणांवरच फेस फुटतो.

हिशेबनीस

किंमत मी घेतो, कारण इथे बहुतेक चर्चा २०२२ च्या आधीच्या हिशेबावर चालतात.

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, म्हणजे सीमेच्या दक्षिणेला, ४ जानेवारी २०२२ पासून दारूला किमान दर आहे: दर ग्रॅम अल्कोहोलला १० सेंट. मिली गुणिले टक्के भागिले शंभर, गुणिले ०.७८९, हे झाले ग्रॅम. ५०० मिलीचा कॅन ४ टक्क्यांचा असेल तर साधारण १५.८ ग्रॅम, म्हणजे १ युरो ५८ सेंटच्या खाली विकताच येत नाही. ४.३ टक्क्यांना १ युरो ७०. ५ टक्क्यांना १ युरो ९७. हार्पची टक्केवारी देशोदेशी आणि काळानुसार वेगळी राहिली आहे, तेव्हा हातातल्या कॅनवर छापलेला आकडा घालून बघा.

याचा परिणाम काय? पूर्वी हार्पची बाजू होती ती "बरी आहे आणि स्वस्त आहे" अशी. आता स्वस्ताला तळ बसला. सुपरमार्केटची घरची लागर आणि हार्प यांच्यातलं अंतर आकसलं, आणि वरच्या बाजूने थोडे जास्त मोजले की चांगली पिल्सनर मिळते. म्हणून सीमेच्या दक्षिणेला निव्वळ चवीच्या बळावर हार्प मला पैसा वसूल वाटत नाही. किमान दरापेक्षा कॅनमागे २० सेंट जास्त पडत असतील तर ठीक, ६० पडत असतील तर दुसरं काही बघा.

उत्तर आयर्लंडात असा किमान दर लागू केलेला नाही, शिवाय तिथे खप असल्याने माल ताजा. न्यूरी तुमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत आहे. स्वतःच्या वापरापुरती आणायला हरकत नाही, विकायला नाही. एक मेख मात्र आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रजासत्ताकात कॅनवर परतीची अनामत आहे: ५०० मिलीपर्यंत १५ सेंट, त्यापुढे २५. चोवीस कॅनचे ३ युरो ६० बिलात वेगळे लागतात आणि रिकामे, न चेपलेले कॅन यंत्रात टाकले की परत मिळतात. उत्तरेतून आणलेल्या कॅनवर ती खूण नसते, यंत्र ते नाकारतं. ते साध्या रिसायकलिंगमध्ये टाका. दर ताडताना अनामत वजा करून ताडा, नाहीतर फरक फुगलेला दिसतो.

"दोन घ्या, तिसरं कमी दरात" असल्या योजना इथे दारूवर २०२१ पासून बंद आहेत, त्यामुळे मोठं खोकं घेतलं म्हणून आपोआप स्वस्त पडेल असं नाही. दुकानातली विक्री सोमवार ते शनिवार सकाळी साडेदहा ते रात्री दहा. शनिवारी रात्री सव्वादहाला संपली तर संपली.

तिखटजाळ

हिशेबनीस, हिशेब मान्य, निकाल अमान्य. चखणा काय आहे ते बघा की!

हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना वाढवतात. ज्या जोरकस पिल्सनरची तुम्ही शिफारस करताय ती हिरव्या मिरचीच्या भज्याबरोबर तोंड पोळवेल. हार्पचा कडवटपणा बेताचा, अंगात थोडी धान्याची गोडी, त्यामुळे तिखटाबरोबर ती जास्त सुसह्य. सुरमईच्या रव्याच्या कुरकुरीत थराचं तेल धुऊन काढायला तिचा बुडबुडा पुरेसा आहे. तळलेल्याबरोबर ४ ते ६ अंशांना द्या. त्याहून गार दिलीत तर जिभेला काहीच कळत नाही, आणि ९-१० च्या वर गेली की मक्याची गोडी पुढे येते आणि मग लोक "पाणचट" म्हणायला लागतात.

रस्सा झणझणीत असेल तर मात्र कोणतीच फसफसती बियर नको, बुडबुड्यांनी आग वाढते. तिथे ताक किंवा सोलकढीच ठेवा, चार न पिणारे पाहुणेही खूश.

सीमेवरचा

मनापासून आभार. कॅन उलटे केले: वास येणाऱ्या दोनांची तारीख पुढच्याच महिन्यातली, बाकी दोनांची सात महिने पुढची. फेसाळ, अगदी बरोबर. ग्लासांचा स्पंजही तोच कढईचा निघाला.

दोन उपप्रश्न. आठजणांना चोवीस कॅन पुरतील का आणि फ्रिज भरलेला असताना ते गार कसे करू? आणि दोघांना अर्धी हार्प, वर अर्धी गिनेस असा थरांचा ग्लास हवाय, तो घरी जमतो का?

फेसाळ

जेवण आहे, तीन तासांची बैठक आहे, चोवीस पुरतात. मोठ्या टबात सहा किलो बर्फ, तेवढंच पाणी आणि दोन मुठी मीठ. नुसता बर्फ टाकू नका. पाणी कॅनला चहूबाजूंनी लागतं म्हणून गारवा पोचतो. अर्ध्या तासात काम होतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर उणे दोनच्या आसपास बियर गोठायला लागते, आणि उघडताना निम्मी भिंतीवर.

थरांचा ग्लास जमतो. तळाला हार्प, कारण ती किंचित जड. गिनेस तिच्यावर तरंगते. हार्प अर्ध्यापर्यंत नेहमीसारखी ओता, फेस अंगठ्याएवढा बसेपर्यंत थांबा. मोठा चमचा पालथा धरा, टोक ग्लासाच्या भिंतीला टेकवा आणि गिनेस त्या पाठीवरून धारेने नव्हे, ओघळाने सोडा. गिनेस ड्राफ्टचाच कॅन घ्या, आतल्या विजेटवाला (फेस आणणारी छोटी गोळी असते ती), आणि तो किमान तीन तास फ्रिजमध्ये ठेवलेला असू द्या, नाहीतर उघडताच उसळतो. थर मिसळले तर घाई झाली असं समजा. चव तीच राहते, फोटो जातो.

लिफीकाठी

त्यात एक भर. इथल्या पाहुण्यांसमोर त्याला "हाफ अँड हाफ" म्हणा. अमेरिकेत रूढ असलेलं "ब्लॅक अँड टॅन" हे नाव आयर्लंडात १९२०-२१ च्या ब्रिटिश पोलिसी तुकड्यांचं आहे, आणि त्यांनी जाळलेली गावं लोक विसरलेले नाहीत.

हिशेबनीस

तिखटजाळ, भज्यांपुरती माघार. पण खोकं न्यूरीहूनच आणा.

आणि गाडीवाल्यांचं बघा. ४.३ टक्क्यांच्या एका कॅनमध्ये १७ ग्रॅम, इथल्या मोजमापाने पावणेदोन ड्रिंक. शरीर तासाला साधारण एक ड्रिंक काढतं, म्हणजे तीन कॅनना पाच तासांहून जास्त. प्रजासत्ताकात मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम; शिकाऊ, नवे लायसन्सवाले आणि व्यावसायिक चालक यांना २०. आपल्यातले बरेचजण इथलं लायसन्स नव्याने काढलेले असतात, त्यांना तो २० चा आकडा लागू होतो का ते आधीच बघायला सांगा, रविवारी सकाळी गाडी काढायची असेल तरीही.

सीमेवरचा

दोघांचं लायसन्स मागच्याच वर्षीचं आहे. त्यांच्यासाठी बिनअल्कोहोलची लागर आणतो, तीही तारीख बघून.