बालसंगोपनचे पैसे: अठरावा वाढदिवस धरा, बारावी नव्हे

ताई, मुलगा शिकतोय तोवर बालसंगोपनचे, म्हणजे आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याचे पैसे मिळत राहतील असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाहीये. 18 पूर्ण झाली की बंद, मग कॉलेजचं वर्ष अर्ध्यावर का असेना.

आमच्या भांडुपच्या चाळीतल्या वहिनींचा मुलगा ऑक्टोबरचा. ऐन बारावीत महिन्याचे 2250 रुपये थांबले, क्लासची फी तशीच उभी. वहिनी दोन महिने पासबुक भरून आणत होत्या. पैसे एरवीही उशिराच यायचे, त्यामुळे शंकाच आली नाही!

अठरानंतर आधार देणारी 21 वर्षांपर्यंतची सरकारी अनुरक्षण सेवा आहे, पण ती बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी. घरी वाढलेल्यांना तिचा उपयोग नाही.

एक मात्र बघा. मुलाच्या वडिलांचा पीएफ कापला जायचा का? असेल तर ईपीएस-95 मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, विधवा पेन्शनसोबत दोन मुलांना 25 वर्षांपर्यंत वेगळी पेन्शन असते, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या 25 टक्के. रक्कम किरकोळच, पण अठराव्या वर्षी तुटत नाही. त्यासाठी फॉर्म 10-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरावा लागतो. वहिनींना हे कळलं नवरा गेल्यावर सहा वर्षांनी.