मोटरहोमच्या कप्प्यांतले डबे : आपापले अनुभव लिहावेत

मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-जेवण्याची सोय असलेली गाडी, घेऊन हिंडणाऱ्या सर्वांना एकाच गोष्टीविषयी लिहिण्याची विनंती आहे: गाडीच्या बाहेरच्या आणि आतल्या कप्प्यांत सामान कोणत्या डब्यांत भरले, कोणता डबा कुठे ठेवला आणि तसे का केले. गाडीचा प्रकार आणि आपले ठिकाण आवर्जून सांगावे, कारण अमेरिकेतल्या तीस फुटी गाडीला जे जमते ते इंग्लंडमधल्या साडेतीन टनांच्या गाडीला जमेलच असे नाही. सुरुवात मी करते.

सॅन होजे, कॅलिफोर्निया. क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम गाडी), फोर्ड ई-४५० चासी (सांगाडा)

माझे ठाम मत असे आहे की मोटरहोममध्ये डबे वस्तूंच्या जातीनुसार भरू नयेत, त्या वस्तू कधी लागतात त्यानुसार भरावेत. घरात आपण सगळी हत्यारे एकत्र आणि सगळ्या चादरी एकत्र ठेवतो, आणि ते योग्यच असते. पण मुक्कामाच्या तळावर (कॅम्पग्राउंडवर) पोचल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत चाकाखाली लावायची पाचर, गाडी समतल करायचे प्लास्टिकचे ठोकळे, विजेचा अडॅप्टर, पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी, पाण्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि हातमोजे अशा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या वस्तू लागतात, आणि त्या पाच डब्यांत विखुरलेल्या असल्या की अंधारात, पावसात, मुले भुकेली असताना पाचही डबे उपसावे लागतात. म्हणून आमच्याकडे 'पोचल्यावर' असे लिहिलेला एक उथळ, बिनझाकणाचा क्रेट आहे. अमेरिकेतल्या तळांवर वीज आणि पाण्याच्या जोडण्या चालकाच्या बाजूला असतात, त्यामुळे हा क्रेटही त्याच बाजूच्या कप्प्यात, दाराला लागून असतो.

डबे विकत घेण्यापूर्वी कप्पा नव्हे, कप्प्याचे दार मोजावे. कप्पा आत चांगला ऐसपैस असतो, पण दाराची चौकट, बिजागऱ्या आणि दार वर धरून ठेवणारा दांडा यांमुळे प्रत्यक्ष मोकळी जागा बरीच कमी असते. दुकानांतून सर्रास मिळणारा काळा, पिवळ्या झाकणाचा २७ गॅलनचा डबा सुमारे ३० इंच लांब आणि २० इंच रुंद असतो. तो अनेक क्लास सी गाड्यांच्या कप्प्यांत मावेल, पण दारातून आत जाणार नाही. शिवाय हे डबे एकात एक बसावेत म्हणून खाली निमुळते केलेले असतात, त्यामुळे दोन डबे शेजारी ठेवले की तळाशी पाचरीएवढी जागा फुकट जाते. उभ्या भिंतींचे, थोडे लहान डबे घेतले तर त्याच कप्प्यात अधिक सामान राहते आणि भरलेला डबा एका माणसाला उचलताही येतो.

फिनिक्स, अ‍ॅरिझोना. क्लास ए (बससारखी मोठी गाडी), डिझेल इंजिन मागे

आमच्या गाडीला तळघरासारखे आरपार कप्पे आहेत, म्हणजे एका बाजूने ढकललेला डबा दुसऱ्या बाजूने काढता येतो. जागा मुबलक आहे, त्यामुळे माझा अनुभव जागेचा नसून उन्हाचा आहे. खोबरेल तेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, आणि इथल्या उन्हाळ्यात बंद कप्प्यात तूप तर पाण्यासारखे होते; साध्या झाकणाच्या बरणीतून ते झिरपते आणि खालच्या डब्यातल्या चादरींना असा वास लागतो की तो महिनाभर जात नाही. तूप-तेलाच्या बरण्या आम्ही फिरकीच्या झाकणाच्या घेतो, प्रत्येक बरणी पिशवीत बांधतो आणि सगळ्या मिळून एका खोल, न गळणाऱ्या तबकात उभ्या ठेवतो, तेही बाहेरच्या कप्प्यात नव्हे तर गाडीच्या आत. फवाऱ्याचे डबे, मग तो डासांचा असो वा वंगणाचा, बाहेरच्या कप्प्यात ठेवूच नयेत. अशा बहुतेक डब्यांवर १२० अंश फॅरनहाइटच्या वर ठेवू नका असे छापलेले असते.

प्रोपेन गॅसच्या टाकीच्या कप्प्यात थोडी मोकळी जागा दिसते आणि तिथे एखादा लहान डबा सरकवण्याचा मोह अनेकांना होतो. कृपया तसे करू नये. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो खाली साचतो आणि बाहेर जावा म्हणून त्या कप्प्याच्या तळाला झरोके ठेवलेले असतात. डब्याने तेच बुजतात.

एडिसन, न्यू जर्सी. भाड्याची क्लास सी

मी फक्त एकच गोष्ट सांगतो. सांडपाण्याची नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी एका कप्प्यात ठेवू नये, वेगळ्या डब्यांत घातली असली तरी नाही. सांडपाण्याच्या नळीला घट्ट झाकणाचा, वेगळ्या रंगाचा डबा द्यावा, हातमोज्यांचे खोके त्याच डब्यात ठेवावे, आणि त्या डब्यातली कोणतीही वस्तू दुसऱ्या कामाला वापरू नये. गाडी भाड्याची असेल तर आधीच्या कुटुंबाने काय केले हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून पिण्याच्या पाण्याची नळी आम्ही स्वतःची नेतो.

अ‍ॅन आर्बर, मिशिगन. क्लास सी

माझा विषय स्वयंपाकाच्या कप्प्यांचा आहे, आणि मराठी स्वयंपाकघर चालत्या गाडीत नेताना जे प्रश्न येतात त्यांची उत्तरे इथल्या पुस्तिकांत सापडत नाहीत. मिसळणाचा स्टीलचा डबा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. घरात त्याची सात वाट्यांची रचना अतिशय सोयीची असते, परंतु वाट्यांच्या कडा आणि वरच्या झाकणात बोटभर अंतर असते, आणि खडबडीत रस्त्यावर तासभर गाडी चालली की हळद मोहरीत, मोहरी हिंगात आणि तिखट सगळीकडे जाते. मी तोच डबा ठेवला आहे, पण वाट्यांच्या जागी फिरकीच्या झाकणाच्या सात लहान बरण्या बसवल्या आहेत आणि मधल्या फटींत जाड कापडाच्या पट्ट्या दाबल्या आहेत. झाकण उघडले की हात सवयीने ज्या जागी जातो तिथेच हळद असते, आणि गाडी हलत असताना स्वयंपाक करणारीच्या दृष्टीने त्याला फार मोल आहे.

कुकरमध्ये नॅपकिन आणि लहान डाळीचे डबे भरावेत, म्हणजे तो खडखडतही नाही आणि त्याची पोकळीही वाया जात नाही. परात आणि ताट उभी ठेवावीत. बिडाचा तवा सर्वांत खालच्या खणात जावा. डोक्यावरच्या कप्प्यात जड भांडे कधीही नसावे, कारण वळणावर दार उघडलेच तर ते कोणाच्या तरी डोक्यावर येते. वरच्या कप्प्यांत पोहे, चुरमुरे, पापड, चहाच्या पुड्या अशा हलक्या वस्तू लहान टोपल्यांत ठेवाव्यात आणि कप्प्याच्या तोंडाशी ताणाची आडवी दांडी लावावी, म्हणजे दार उघडताच टोपली अंगावर येत नाही. टोपलीखाली रबरी जाळीची चटई हवीच.

यलोस्टोनला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. यलोस्टोन तलाव सुमारे ७,७०० फूट उंचीवर आहे. सपाटीवर हवाबंद केलेले डबे तिथे उघडताना आतल्या हवेच्या दाबामुळे फट्कन उघडतात आणि पिठाचा डबा असेल तर पीठ उडते. चिवड्याच्या पिशव्या तर फुग्यासारख्या तट्ट होतात. चढ संपल्यावर डब्याची एक बाजू हलकेच सैल करून हवा जाऊ द्यावी. आणि तिथे अस्वलांमुळे खाद्यपदार्थांचा कोणताही डबा बाहेर टेबलावर ठेवता येत नाही, म्हणून जेवणाचे सगळे सामान दोन फेऱ्यांत आत नेता येईल अशा कडीच्या टोपल्यांतच ठेवावे.

स्लाऊ, इंग्लंड. मागे गॅरेज (सामानाचा मोठा कप्पा) असलेली, ३,५०० किलोची गाडी

इथला प्रश्न जागेचा नाही, वजनाचा आहे. ज्यांनी वाहन चालवण्याची परीक्षा १ जानेवारी १९९७ रोजी किंवा त्यानंतर दिली, त्यांना नेहमीच्या परवान्यावर डिझेल-पेट्रोलची ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि त्या मर्यादेतून गाडीचे स्वतःचे वजन, माणसे, पाणी आणि गॅस वजा केले की सामानासाठी फार थोडे उरते. पाण्याच्या प्रत्येक लिटरला एक किलो मोजावा लागतो. म्हणून मी प्रत्येक डबा भरल्यावर सामान मोजायच्या काट्याला अडकवून पाहतो आणि वजन डब्यावरच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहितो. नुसत्या रिकाम्या डब्यांचेच वजन मिळून किती होते हे पाहून आम्ही जाड प्लास्टिकचे डबे काढून टाकले. आता गॅरेजमध्ये ६०० बाय ४०० मिलिमीटरचे युरो क्रेट आहेत; त्यांच्या बाजू उभ्या असतात, ते एकमेकांवर बसतात, आणि एकच माप असल्यामुळे त्यांच्या जागा कशाही बदलता येतात.

गॅरेज मागच्या चाकांच्याही मागे असते, हे विसरून चालत नाही. तिथे ठेवलेल्या वजनामुळे मागच्या आसावर (अ‍ॅक्सलवर) त्या वजनापेक्षा जास्त भार येतो आणि पुढची चाके हलकी होतात, ज्याचा परिणाम सुकाणूवर आणि ब्रेकवर जाणवतो. म्हणून डबाबंद पदार्थ, हत्यारे आणि पुस्तके दोन आसांच्या मधल्या बाकाखाली, आणि खुर्च्या, चादरी, पावसाळी कपडे गॅरेजमध्ये, अशी वाटणी आम्ही केली आहे. सार्वजनिक वजनकाट्यावर एकूण वजनासोबत दोन्ही आसांचे वजन वेगवेगळे घ्यावे.

सॅन होजे (पुन्हा)

वरचा वजनाचा मुद्दा अमेरिकेतही तितकाच लागू आहे, फक्त इथे गाड्या मोठ्या असल्यामुळे तो नजरेआड होतो. ई-४५० चासीची एकूण मर्यादा १४,५०० पौंड आहे, आणि माणसे व सामान मिळून किती भार चालेल याची पट्टी दाराजवळ चिकटवलेली असते. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचे असते, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरून निघालो तर तीनशेहून अधिक पौंड तिथेच गेले. मालट्रकांच्या थांब्यांवर काटे असतात आणि त्यांवर मोटरहोमही मोजता येते.

पुणे. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधून घेतलेली गाडी

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर या विषयाकडे आमच्याकडे लोक कुतूहलाने पाहू लागले आहेत, पण सामान कसे ठेवावे याविषयी मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा पाहून आनंद झाला. माझे मत इथल्या बहुतेकांपेक्षा वेगळे आहे: पावसाळ्यात कोकणात आणि घाटात हिंडायचे असेल तर कपड्यांसाठी हवाबंद प्लास्टिकचे डबे नकोत. आंबोलीच्या पावसात किंचित दमट राहिलेला टॉवेल अशा डब्यात गेला की दोन दिवसांत सगळ्या कपड्यांना कुबट वास येतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. आम्ही जाड कॅनव्हासच्या, वर जाळी असलेल्या चौकोनी पिशव्या शिवून घेतल्या. त्या चाकाच्या उंचवट्याच्या आकारात चेपून बसतात, जे कडक डब्याला शक्य नसते. हवाबंद डबे फक्त धान्य, औषधे, कागदपत्रे आणि काडेपेट्यांसाठी ठेवावेत. ताम्हिणीसारख्या वळणांवर डबे पुढे-मागे नव्हे, तर आडवे सरकतात, त्यामुळे पट्टाही कप्प्याच्या लांबीने न बांधता रुंदीने बांधावा.

ऑकलंड, न्यूझीलंड. आई-बाबांसह भाड्याची गाडी

आई-बाबा भारतातून येतात तेव्हा आम्ही दक्षिण बेटावर गाडी भाड्याने घेतो. भाड्याच्या गाडीत खिळा किंवा स्क्रू लावता येत नाही आणि आम्ही तिथवर विमानाने जातो, म्हणून आमचे सगळे क्रेट घडीचे आहेत आणि एका बॅगेत सपाट मावतात. वरचे सर्व अनुभव जड सामान खाली ठेवायला सांगतात, आणि गाडीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण आईला गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही आणि स्वयंपाक तर तीच हौसेने करते. यावर आम्ही असा मार्ग काढला की गाडी चालू असताना कुकर, कणकेचा डबा आणि तेल खालच्या खणात एका कडीच्या क्रेटमध्ये असतात, आणि गाडी थांबली की तो संपूर्ण क्रेट मी ओट्यावर उचलून ठेवते. "मला काय हवे ते मलाच दिसू दे, सारखे तुला हाक मारायला लावू नकोस," असे आई म्हणाली, तेव्हापासून क्रेटची समोरची बाजू अर्धी पडणारी घेतो.

परदेशातून येणाऱ्यांनी घरचे खाद्यपदार्थ एकाच पारदर्शक डब्यात आणावेत, कारण इथे ते विमानतळावर जाहीर करून दाखवावे लागतात. मध मात्र आणूच नये.

अ‍ॅन आर्बर (पुन्हा)

हिवाळ्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून जोडते. इथे ऑक्टोबरनंतर गाडी वसंतापर्यंत उभी राहते आणि उंदीर आडोसा शोधत येतात. धान्याचा कणही आत ठेवू नये, आणि प्लास्टिकचा डबा उंदीर कुरतडू शकतो हे लक्षात घ्यावे. रिकामे डबे धुऊन, वाळवून, झाकणे उघडी ठेवून घरी आणावेत. चादरींचे डबेही तिथे सोडू नयेत, कारण घरट्यासाठी उंदरांना मऊ कापडच हवे असते. पाइप आणि तारा जिथून आत येतात त्या फटींत स्टीलवूल कोंबावे, आणि कप्प्यांची दारे लावण्यापूर्वी त्यांच्या रबरी पट्ट्या एकदा बोट फिरवून तपासाव्यात.