मदत हवी आहे : पोलीस सेवेतील जुनी पेन्शन आणि निवृत्तीनंतरचे उपचार

माझे यजमान महाराष्ट्र पोलीस दलात हवालदार आहेत. त्यांच्या भरतीची जाहिरात ऑगस्ट 2005 मध्ये निघाली होती, परंतु नियुक्तीचा आदेश 2006 मध्ये मिळाल्यामुळे त्यांना 1 नोव्हेंबर 2005 पासूनची अंशदान योजना (पगारातून दरमहा वर्गणी कापून चालणारी नवी पेन्शन योजना) लागू झाली. फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाचा पर्याय दिला. त्यानुसार आम्ही सहा महिन्यांच्या मुदतीत अर्ज केला, त्याची पोचही आमच्याकडे आहे, मात्र कार्यालयाकडून अद्याप लेखी उत्तर आलेले नाही.

गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. रात्रपाळी आणि बंदोबस्त आता त्यांना झेपत नाही, हे मला रोज दिसते; म्हणून वीस वर्षांची सेवा झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घ्यावी असे आम्हाला वाटते. मात्र पर्याय मंजूर होण्यापूर्वीच निवृत्ती घेतली तर जुन्या पेन्शनचा हक्क टिकतो का? तसेच शस्त्रक्रियेच्या वेळी आधार ठरलेली महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना निवृत्तीनंतर बंद होत असेल, तर हृदयविकार आधीपासून असलेल्या माणसाला निवृत्त कर्मचाऱ्यांच्या समूह विम्यात उपचारांचा खर्च मिळतो का? ज्यांनी स्वतः ही प्रक्रिया पूर्ण केली आहे, त्यांनी कोणती कागदपत्रे जोडली आणि पाठपुरावा कोठे केला, हे कृपया सविस्तर कळवावे.